पावसाळी जंगलातलं मोठं धरण घरबसल्या कसं तपासायचं: बेलो मोंते घेऊन

मोठ्या धरणावरून वाद सुरू झाला की दोन्हीकडून ठरलेली वाक्यं येतात. एकजण म्हणतो एवढे हजार मेगावॅट, स्वच्छ वीज, अजून काय पाहिजे, दुसरा म्हणतो जंगल गेलं, लोक देशोधडीला लागले, आणि आपण मधे बसून ज्याचा फोटो भारी त्याला लाईक ठोकतो. पण थोडी चिकाटी असेल तर यातलं बरंचसं आपलं आपल्याला तपासता येतं. लॅपटॉप, नेट, कॅल्क्युलेटर किंवा एक्सेल, आणि दोनचार रिकाम्या संध्याकाळी, बस. पैसे लागत नाहीत, इंजिनियर असायची गरज नाही, पोर्तुगीज यायला पाहिजे असंही नाही कारण ब्राउझर भाषांतर करून देतो (गंमतशीर करतो, पण कळतं).

उदाहरण म्हणून ब्राझीलचं बेलो मोंते घेतोय. अमेझॉनच्या जंगलात, पारा राज्यात, शिंगू नदीवर, आल्तामिरा शहराच्या जवळ. स्थापित क्षमता ११,२३३ मेगावॅट. पहिलं टर्बाईन २०१६ साली फिरलं, शेवटचं २०१९च्या नोव्हेंबरात. तुलनेला मधेमधे बालबिना येईल, ते पण अमेझॉनमधलंच, उआतुमां नदीवरचं, पण एकदम वेगळ्या स्वभावाचं. पद्धत तीच वापरून जगातल्या कुठल्याही पावसाळी जंगलातलं धरण तपासता येईल.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. भिंत बघत बसू नका, खोरं बघा. भिंत म्हणजे काँक्रीट, ते सगळीकडे सारखंच, धरणाचं नशीब ठरतं ते वर किती पाऊस पडतो, कधी पडतो आणि खाली किती पाणी सोडलं जातं यावर.

पहिलं काम: नदीच्या उलट्या दिशेने जा

गूगल अर्थ उघडा, आल्तामिरा शोधा आणि तिथून नदी धरून दक्षिणेकडे, म्हणजे उगमाकडे सरकत जा. घाई करू नका, शिंगू जवळपास २,००० किमी लांब आहे आणि तिचं पाणलोट क्षेत्र साधारण ५ लाख चौरस किमी. आल्तामिराच्या थोडं वर पश्चिमेकडून इरिरी येऊन मिळते, ही सगळ्यात मोठी उपनदी, तिला विसरू नका, बरेच लोक नुसती मुख्य नदी बघतात आणि अर्धं चित्र सोडून देतात. पुढे जात राहिलात की एक मोठा गर्द हिरवा पट्टा लागतो. कायापो या आदिवासी लोकांचे प्रदेश, त्याच्या दक्षिणेला १९६१ साली जाहीर झालेलं शिंगू आदिवासी पार्क. आणि त्या हिरव्या पट्ट्याच्या चारही बाजूंनी फिकट रंगाचे चौकोन, आयत, कुरणं, आणि अगदी दक्षिणेला मातो ग्रोसो राज्यात सोयाबीनची अवाढव्य शेतं. हद्द इतकी सरळ दिसते की वाटतं कोणी पट्टी ठेवून रेघ मारलीय.

नदीचा उगम या शेतांच्या भागात आहे आणि धरण पार खाली जंगलात. हे डोक्यात पक्कं बसू द्या, कारण पुढचा बराचसा हिशोब यावर चालणार आहे.

खोऱ्याची हद्द हाताने काढायची असेल तर उपनद्यांच्या टोकांना जोडत जायचं, पण त्यात एक अख्खा दिवस जातो. सोपा मार्ग म्हणजे हायड्रोशेड्स नावाचा फुकट डेटासेट, त्यातल्या खोऱ्यांच्या तयार हद्दी उतरवून घ्या आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. क्यूजीआयएस पण फुकटच. तेच पॉलिगॉन, म्हणजे खोऱ्याच्या हद्दीचा आकार, पुढे जंगल आणि पाऊस मोजायला लागणार आहे, म्हणून नीट सेव्ह करून ठेवा.

मग गूगल अर्थचा टाइमलॅप्स लावा, तो १९८४पासून आहे. एकदा आल्तामिराजवळ बघा, ट्रान्सअमेझॉन हायवेला फुटलेले आडवे रस्ते आणि त्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी सरकत जाणारी तोड. एकदा मातो ग्रोसोत बघा. दोन्हीकडची तोड वेगळी दिसते, उत्तरेला माशाच्या काट्यासारखा आकार, दक्षिणेला मोठमोठे तुकडे एकदम गायब.

दुसरं काम: महिन्याचा विसर्ग

वार्षिक सरासरी कोणी तोंडावर फेकली तर ती ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा. आपल्याला विसर्गाचे, म्हणजे नदीतून दर सेकंदाला किती पाणी वाहतं त्याचे, महिन्यांचे आकडे पाहिजेत. ब्राझीलची राष्ट्रीय पाणी संस्था आहे आना, तिच्या हिद्रोवेब पोर्टलवर नदीमापन केंद्रांचे जुने रेकॉर्ड मिळतात, आल्तामिराचं केंद्र शोधा, विसर्गाची फाईल उतरवा. आता इथे एक डोकेदुखी असते ती आधीच सांगतो, ब्राझीलच्या फाईलमध्ये दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो आणि रकाने अर्धविरामाने तोडलेले असतात, त्यामुळे एक्सेलने सरळ उघडली तर सगळे आकडे हजारपट किंवा टेक्स्ट होऊन बसतात. इम्पोर्ट करताना हे दोन्ही सेट करायचं, मग काही प्रॉब्लेम नाही.

महिन्यांप्रमाणे पिव्हट टेबल करा. सरासरी काढा, मध्यक पण काढा आणि सगळ्यात कोरड्या वर्षांचं एक वेगळं कॉलम. जे दिसेल ते थोडक्यात असं: एप्रिलच्या आसपास नदीला साधारण २०,००० घनमीटर प्रति सेकंद पाणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात १,०००च्या आसपास. वीसपट फरक! एकच नदी, सहा महिन्यांत दोन वेगळ्या नद्या. पाऊस पडतो मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल, तो वरच्या भागातून हळूहळू गोळा होत खाली येतो म्हणून पूर उशिरा, मार्च-एप्रिलला आल्तामिराला पोचतो.

हा ग्राफ काढून समोर ठेवा. बाकी काहीच केलं नाही तरी हा एक ग्राफ काढा.

तिसरं काम: वीज किती, हे स्वतः काढा

फॉर्म्युला शाळेतलाच आहे. किलोवॅट = ९.८१ × विसर्ग × पाणी पडण्याची उंची × कार्यक्षमता. विसर्ग घनमीटर प्रति सेकंदात, उंची मीटरमध्ये, कार्यक्षमता ०.९ ते ०.९२ धरा.

बेलो मोंतेच्या मुख्य वीजघरात १८ फ्रान्सिस टर्बाईन आहेत, प्रत्येकी ६११ मेगावॅटचं. उंची साधारण ८७ मीटर. अठराच्या अठरा पूर्ण ताकदीने चालवायला १३,९५० घनमीटर प्रति सेकंद पाणी लागतं. टाका फॉर्म्युल्यात: ९.८१ × १३,९५० × ८७ × ०.९२, उत्तर साधारण १ कोटी ९५ हजार... नाही, नीट मोजा, १ कोटी ९ लाख ५० हजार किलोवॅट, म्हणजे १०,९५० मेगावॅट. जाहीर केलेल्या ११,००० मेगावॅटला जवळजवळ चिकटलं. म्हणजे तुमचा फॉर्म्युला बरोबर आहे आणि कंपनीचा आकडा पण खोटा नाही.

आता तोच फॉर्म्युला ऑक्टोबरात चालवा. नदीत १,००० आलं, त्यातलं ७०० जुन्या पात्रात सोडायचं बंधन आहे (त्यावर पुढे येतोच), राहिले ३००. ३०० × ८७ × ९.८१ × ०.९२ म्हणजे साधारण २३५ मेगावॅट. अठरा मशीनपैकी एकाची पण अर्धी ताकद नाही! आणि फ्रान्सिस टर्बाईन फार कमी लोडवर चालवलं की थरथरतं, आतल्या पात्यांवर बुडबुडे फुटून धातू खाल्ला जातो, म्हणून ऑपरेटर असं मशीन शक्यतो चालवत नाहीत. तुमच्या पाण्यातून निघालेला आकडा एका मशीनच्या चाळीस टक्क्यांच्या खाली आला की समजायचं हे काठावरचं काम आहे. जे ७०० खाली सोडलं जातं त्यावर पिमेंतालच्या बांधाला (नदी जिथे अडवून वीजघराकडे वळवलीय तो बांध) सहा छोटी बल्ब टर्बाईन आहेत, सगळी मिळून २३३ मेगावॅट, पण तिथे उंची साधारण ११ मीटर, म्हणून ७०० पाण्यातून सत्तर मेगावॅटच्या आतच काहीतरी निघतं.

म्हणून स्थापित क्षमता वाचताना भुलायचं नाही, गाडीच्या स्पीडोमीटरवर २२० छापलंय म्हणून गाडी २२०ने पळत नाही. बेलो मोंतेची कागदावरची हमी दिलेली सरासरी वीज ४,५७१ मेगावॅट आहे, ११,२३३ला भागा, ४१ टक्क्यांच्या खाली येतं. प्रत्यक्षात किती निघाली ते ब्राझीलचा ग्रिड ऑपरेटर ओएनएस रोजच्या रोज जाहीर करतो, ते उतरवून तुमच्या महिन्याच्या ग्राफवर टाका, फेब्रुवारी ते मे डोंगर आणि मग दरी, नदीच्या ग्राफची जुळी बहीण.

आता कोणी विचारेल मग साठा करून कोरड्या महिन्यांत का नाही वापरत? कारण साठाच नाही. हे धरण वाहत्या पाण्यावर चालणारं आहे, आलं पाणी की वापरा, नाही आलं की बसा. मूळ प्लॅन असा नव्हता. १९८०च्या दशकात शिंगूवर धरणांची आख्खी साखळी होती कागदावर, आल्तामिराच्या वर बाबाक्वारा नावाचं एकच धरण ६,००० चौरस किमीहून जास्त जमीन बुडवणार होतं आणि त्या साठ्यावर खालचं वीजघर वर्षभर चालणार होतं. १९८९ला आल्तामिरात मोठी सभा झाली, तिथे तुइरा नावाच्या कायापो बाईने सरकारी वीज कंपनीच्या इंजिनियरच्या गालाला कोयत्याचं पातं टेकवलं, तो फोटो जगभर गेला, आणि जागतिक पातळीवर दबाव येऊन प्लॅन बरीच वर्षं गार पडला. नंतर आला तो वरच्या साठ्याशिवायचा अवतार. २००८ साली सरकारने जाहीर केलं की शिंगूवर हे एकच धरण होणार. पण तुम्ही वरचा हिशोब स्वतः केलात की टीकाकार अजून का घाबरतात ते कळतं, एवढी मशीनं वर्षातले कितीतरी महिने रिकामी बसलेली असताना कोणीतरी कधीतरी वर साठा मागणारच. मला ती भीती अगदीच फुकटची वाटत नाही.

उंची मोजताना एक खबरदारी. गूगल अर्थमध्ये कर्सर ठेवला की खाली उंची दिसते, पण ती बहुतेक ठिकाणी २००० सालच्या अमेरिकन स्पेस शटलवरच्या रडार मोहिमेतली आहे, म्हणजे धरणाच्या आधीची, जलाशयाची आत्ताची पातळी त्यात नसणार. शिवाय दाट जंगलात रडार जमिनीपर्यंत पोचत नाही, झाडांच्या वरच्या भागाची उंची देतं. बेलो मोंतेच्या जलाशयाची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून ९७ मीटर आहे, ती कागदावरून घ्या.

चौथं काम: बुडीत क्षेत्र, आणि त्यातली मेख

हे सोपं. जलाशयाचं क्षेत्र भागिले मेगावॅट.

बालबिना: साधारण २,३६० चौरस किमी, २५० मेगावॅट. एका मेगावॅटला ९४४ हेक्टर. परत वाचा, ९४४. तुकुरुई, तोकांतिन्स नदीवरचं, १९८४चं: साधारण २,८५० चौरस किमी आणि ८,३७० मेगावॅट, म्हणजे ३४ हेक्टर. बेलो मोंते: ४७८ चौरस किमी, एका मेगावॅटला साडेचार हेक्टरच्या आत. हमीची सरासरी वीज धरून भागलं तरी साडेदहाच.

बघितलं? बेलो मोंते टॉपर. कंपनीच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये हा आकडा असतो. पण इथेच मेख आहे, हे धरण जमीन कमी बुडवतं कारण ते नदी उचलून दुसरीकडे नेतं. आल्तामिराच्या खाली शिंगू एक भलंमोठं वळण घेते, व्होल्टा ग्रान्दे. पिमेंतालला बांध घालून पाणी वळवलं, साधारण २० किमीच्या कालव्यातून वळणाच्या गळ्यातून आरपार नेलं, आणि पलीकडे जिथे नदी खूप खाली उतरलेली आहे तिथे वीजघर बांधलं. ८७ मीटर उंची मिळाली ती अशी. वळणातली साधारण १०० किमी नदी बुडाली नाही, ती आटली. म्हणून बुडीत क्षेत्राचा आकडा लिहिला की त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहायचाच, किती किमी नदीचं पाणी काढून घेतलं. एक लिहून दुसरा न लिहिणारा माणूस काहीतरी विकतोय असं समजा.

क्षेत्र स्वतः मोजायचं असेल तर युरोपियन कमिशनचा ग्लोबल सरफेस वॉटर एक्सप्लोरर उघडा, १९८४पासूनच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून कुठे पाणी नवीन आलं, कुठे गेलं, कुठे हंगामी झालं ते रंगांत दिसतं. बालबिना त्यात जरूर झूम करून बघा. सलग तळं दिसतच नाही. तीन हजारांहून जास्त बेटं, जुन्या टेकड्यांचे माथे, मधे फाटे फुटलेलं काळपट पाणी, आणि जवळ गेलात की पाण्यात राखाडी ठिपके, ती मेलेली झाडं, दरवाजे १९८७ला बंद झाले तेव्हापासून उभी. सरासरी खोली साडेसात मीटरच्या आत आहे, झाडं तिच्यापेक्षा उंच होती, मग बुडणार कशी. या पाण्याखाली वाइमिरी-अत्रोआरी या आदिवासी लोकांची जमीन पण गेली.

पाचवं काम: पाणी किती दिवस अडकतं

जलविद्युत म्हणजे कार्बन नाही, हे जंगलातल्या धरणाला आपोआप लागू होत नाही. उष्ण पाणी, तळाशी कुजणारी झाडं-पानं, ऑक्सिजन संपलेला, की तिथे मिथेन तयार होतो. वरचं गरम पाणी आणि खालचं गार पाणी एकमेकांत मिसळत नाही, टर्बाईनचं तोंड खोलवर असतं, तिथून हे दाबाखालचं पाणी एकदम बाहेर पडलं की सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच, विरघळलेला गॅस बाहेर. आणि मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साईडच्या ८० पटीच्या आसपास तापवतो.

आपण घरी बसून मिथेन मोजू शकत नाही, पण धोका कुठे जास्त ते सांगू शकतो. साठ्याचं घनफळ भागिले सरासरी विसर्ग, म्हणजे पाणी आत किती काळ राहतं. बालबिनात १७.५ घन किमी पाणी आणि नदी मात्र लहानशी, पाणलोट फक्त १९,००० चौरस किमीच्या आसपास, त्यामुळे सरासरी पाणी जवळजवळ वर्षभर आत पडून राहतं, आणि आतल्या फाट्यांमध्ये तर त्याहून कितीतरी जास्त. बेलो मोंतेत नदीच्या मानाने साठा छोटा, पाणी भराभर निघून जातं, या बाबतीत ते नक्कीच बरं. म्हणजे शून्य नाही, कालव्याच्या बाजूला जंगल-कुरणं बुडवून केलेला मधला जलाशय आहे, तिथलं पाणी नदीइतकं वाहतं नाही.

तीन गोष्टी बघा: झाडं तोडून नेली का तशीच बुडवली, पाणी किती काळ अडकतं, आणि दरवर्षी पातळी किती खालीवर होते, कारण पातळी खाली गेली की काठावर मऊ हिरवळ उगवते आणि पाणी चढलं की ती परत कुजते, दरवर्षी नवीन माल. फ्रेंच गयानात पेती सो नावाचं धरण आहे, १९९४ला भरलं, तिथे खालच्या नदीतला ऑक्सिजन इतका गेला की पाणी उसळवून हवा मिसळायला वेगळा बंधारा घालायला लागला. जुनी उदाहरणं वाचताना तिथली मोजमापं फार कामाला येतात, कारण भरल्यापासून सतत मोजलेलं असं धरण पावसाळी जंगलात क्वचितच सापडतं.

सहावं काम: धरणाच्या खाली उतरा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

कोपर्निकस ब्राउझर (युरोपच्या उपग्रहांची चित्रं दाखवणारी साईट) उघडा, सेंटिनेल-२ हा उपग्रह निवडा, पिमेंतालच्या बांधावर जा. बांधाच्या वर पाणी रुंद, गुळगुळीत, गडद हिरवट, बेटांचे शेंडे तेवढे वर. बांधाच्या खाली एकदम चित्र बदलतं, काळे-तपकिरी खडक, त्यांच्यामधून दहा-वीस पातळ धारा, वाळूचे पट्टे, मधे कुठे कुठे डबकी. कोरड्या महिन्यांत हे नैसर्गिकरीत्याही थोडंफार असंच असायचं, म्हणून एकच इमेज दाखवून निष्कर्ष काढू नका (हे दोन्ही बाजूंचे लोक करतात). तुलना करायची ती पुराच्या महिन्याची, एप्रिलची एप्रिलशी.

इथे दोन अडचणी. एक, सेंटिनेल-२ २०१५च्या मध्याला सुरू झालं आणि धरणाला पाणी भरायला परवानगी त्याच वर्षी नोव्हेंबरात मिळाली, म्हणजे त्यात धरणाआधीचा एप्रिल नाहीच, त्यासाठी लँडसॅटच घ्यावं लागतं. दोन, एप्रिलमध्ये अमेझॉनवर ढगच ढग. आठवडेच्या आठवडे पांढरं. अशा वेळी सेंटिनेल-१ लावा, ते रडार आहे, ढगातून बघतं. शांत पाणी काळं दिसतं, जमीन करडी, आणि पाण्यात उभं जंगल असेल तिथे कधीकधी उलट जास्त उजळ दिसतं, कारण किरण पाण्यावरून खोडावर आणि खोडावरून परत उपग्रहाकडे असे दोनदा आपटतात. हे एकदा डोळ्यांना कळलं की पूर जंगलात शिरला का नाही ते ढगांखालीही सांगता येतं.

आणि पूर जंगलात शिरतो का, हाच इथला खरा प्रश्न आहे. शिंगूचे मासे पुराच्या महिन्यांत बेटांवरच्या आणि काठावरच्या जंगलात शिरतात, पाकू मासा पाण्यात पडलेली फळं खातो, अंडी तिथल्या उथळ पाण्यात घातली जातात. पाणी वेळेवर चढलं नाही तर फळं कोरड्या जमिनीवर पडतात. पाणी चढून लगेच उतरलं तर अंडी उघडी पडतात. वार्षिक सरासरी कितीही छान असो, मासा सरासरीवर जगत नाही. झेब्रा प्लेको नावाचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बोटभर मासा तर निसर्गात फक्त याच वळणातल्या खडकांमध्ये राहतो.

आता आकडे ठेवा. परवान्यात वळणात कुठल्या महिन्यात किती पाणी सोडायचं याची दोन वेळापत्रकं आहेत, अ आणि ब, एका वर्षी एक, पुढच्या वर्षी दुसरं. अ मध्ये एप्रिलचा आकडा ४,००० घनमीटर प्रति सेकंद, ब मध्ये ८,०००. दोन्हीत ऑक्टोबरला ७००. तुमच्या दुसऱ्या कामातल्या ग्राफवर या दोन रेघा ओढा आणि नैसर्गिक २०,००० शेजारी बघा. ऑक्टोबरात फरक फार वाटत नाही, एप्रिलमध्ये नदीचा पाचवा हिस्सा किंवा फार तर दोन पंचमांश. वळणावर राहणारे जुरुना आणि आरारा हे आदिवासी लोक हेच सांगत आलेत, जुरुना लोकांनी तर संशोधकांना बरोबर घेऊन स्वतः मासे आणि पाणी मोजायला सुरुवात केली. पर्यावरण खातं इबामा, सरकारी वकील आणि कंपनी यांच्यात या वेळापत्रकावरून वर्षानुवर्षं ओढाताण चालू आहे. कारण सरळ आहे, वळणात सोडलेला प्रत्येक घनमीटर ८७ मीटरऐवजी ११ मीटरवरून पडतो, म्हणजे कंपनीच्या दृष्टीने आठातला एकच भाग वीज मिळते.

सातवं काम: वरचं जंगल आणि पाऊस

पहिल्या कामात सेव्ह केलेलं पॉलिगॉन आता काढा. मॅपबायोमासवर ब्राझीलचा जमीनवापर वर्षावर्षाने मिळतो, ग्लोबल फॉरेस्ट वॉचवर झाडी कमी झाल्याचे आकडे, आणि इन्पे या अंतराळ संस्थेचा प्रोदेस कार्यक्रम १९८८पासून तोड मोजतो. तिघांचे आकडे जुळणार नाहीत, घाबरू नका. प्रोदेसचं वर्ष ऑगस्ट ते जुलै असतं आणि तो मुख्यतः मूळ जंगलाची पूर्ण तोड धरतो, ग्लोबल फॉरेस्ट वॉचमध्ये आगीत गेलेली आणि लावलेली झाडंही येतात. एक निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा.

मग लोक सरळ उडी मारतात, जंगल कमी झालं म्हणजे नदी कमी झाली. थांबा, इतकं सरळ नाही. झाडं पाणी शोषून हवेत सोडतात, ती तोडली की सुरुवातीला उलट जास्त पाणी नदीत येतं. त्यामुळे एखाद्या उपनदीचा विसर्ग वाढलेला दिसला म्हणून खूश होऊ नका. दुसरीकडे, अटलांटिकवरून येणारी वाफ पूर्वेकडून पश्चिमेकडे जंगलावरून जाताना पाऊस पडतो, झाडं तो परत हवेत सोडतात, पुढे परत पाऊस. हे चक्र मोठ्या भागात तुटलं की पाऊसच कमी होतो आणि तो तोटा पहिल्या फायद्याला खाऊन टाकतो. २०१३ला प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेलो मोंतेवर नेमका हाच हिशोब केला होता: तोड तशीच चालू राहिली तर २०५०पर्यंत वीज कमाल क्षमतेच्या २५ टक्क्यांपर्यंत घसरू शकते. म्हणजे जंगल हे धरणाच्या आड येणारं काहीतरी नसून धरणाचंच एक यंत्र आहे, फक्त ते कंपनीच्या ताळेबंदात नाही.

आणि यातून हेही निघतं की खोऱ्याच्या हद्दीत बघून भागत नाही, वारा कुठून येतो तिकडचं जंगल पण बघावं लागतं. पाऊस तपासायला चर्प्स डेटा वापरा, १९८१पासून आहे, पॉलिगॉनवर महिन्याची बेरीज काढा. खास करून सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबर, पावसाळा उशिरा सुरू होतोय का ते तिथे दिसतं. एखाद्या वाईट वर्षावरून ट्रेंड काढू नका, पण वाईट वर्षं काय करू शकतात ते लक्षात ठेवा, २०२३च्या ऑक्टोबरात मदैरा नदीवरचं सान्तो अंतोनियो हे मोठं वीजघर पाणी फार खाली गेल्यामुळे बंदच करावं लागलं होतं.

जे उपग्रहातून दिसत नाही

बेलो मोंतेसाठी वीस हजारांहून जास्त माणसं हलवली गेली. टाइमलॅप्समध्ये आल्तामिराच्या कडेला सारख्या छपरांच्या सरळ रांगा उगवताना दिसतील, त्या पुनर्वसन वसाहती, पण नदीकाठचा मासेमार नदीपासून काही किमी लांबच्या पक्क्या घरात काय करतो ते छपरावरून कळत नाही. त्यासाठी सरकारी वकिलांचे अहवाल आणि इन्स्टिट्यूटो सोसिओआंबिएंताल या स्वयंसेवी संस्थेचे रिपोर्ट वाचा, आणि कंपनीचे पण वाचा, तिन्हींत एकच घटना कशी लिहिलीय ते शेजारी शेजारी ठेवून. वीज जाते कुठे तेही बघून घ्या, बेलो मोंतेतून ८०० किलोव्होल्टच्या डीसी लाईन २,००० किमीहून लांब आग्नेय ब्राझीलपर्यंत जातात, जंगलातला सरळ कापलेला पट्टा चित्रात स्पष्ट दिसतो.

पुढचं धरण कुठलं घ्यायचं

सुरुवात तुकुरुईपासून करा, धरण जुनं आहे, डेटा भरपूर, आणि वीज मोठ्या प्रमाणात ॲल्युमिनियमला गेलेली असल्यामुळे कोणासाठी धरण हा प्रश्न लगेच समोर येतो. मग सुरिनामचं ब्रोकोपोंडो, १९६०च्या दशकातलं, १,५०० चौरस किमीहून मोठं तळं आणि वीज २०० मेगावॅटच्याही आत, ते पण ॲल्युमिनियमसाठीच.

व्हेनेझुएलाचं गुरी शेवटी ठेवा, कारण तिथे पद्धत उलटी करावी लागते. करोनी नदीवरचं हे धरण १०,००० मेगावॅटच्या वरचं, पण जलाशय ४,००० चौरस किमीहून मोठा, म्हणजे भरपूर साठा, त्यामुळे तिथे महिन्याच्या विसर्गाऐवजी वर्षावर्षाची पातळी बघायची. एप्रिलच्या शेवटच्या इमेज घ्या, कोरडा हंगाम तेव्हा संपत येतो, आणि २०१६ची २०१२शी लावून बघा, काठाने उघडा पडलेला मातकट पट्टा मोजा. त्याच एप्रिलमध्ये तिथल्या सरकारने वीज वाचवायला सरकारी ऑफिसं आठवड्यातून दोनच दिवस उघडी ठेवली होती.